टिनाखालचं बाळंतपण

भाकरी तव्यावरून उतरायच्या आतच डोक्यावरच्या पत्र्याच्या टिना तडतडू लागल्या, तशा अन्नपूर्णाबाई उठल्या आणि घराची दारं-खिडक्या लावत सुटल्या. खामगावच्या वैशाखात त्यांचा हा नेम कधी चुकला नव्हता. ऊन अंगणात उतरायच्या आत घर बंद, आणि उघडायचं ते थेट दिवेलागणीला. फटीत चिंध्या कोंबायच्या, दाराखाली ओलं गोणपाट सारायचं. झळ बाहेर, माणसं आत. या शिस्तीवर त्यांनी नवऱ्यामागं तीन लेकरं वाढवली होती आणि एकालाही ऊन लागू दिलं नव्हतं.

फक्त तेव्हा डोक्यावर धाबं होतं. हातभर जाड पांढऱ्या मातीचं छप्पर. त्याखाली भर दुपारी माणूस चादर अंगावर ओढून घ्यायचा. ते धाबं दिवाळीनंतर थोरल्या भगवंतरावांनी उतरवलं आणि टिना टाकल्या.

आता खरं सांगायचं तर हे पाप एकट्या भगवंतरावांच्या माथी मारणं बरं नव्हे. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, मागं भुणभुण लावली होती. दरसाल रोहिणीच्या आधी वर माती चढवा, चोपा, लिंपा. तरी आषाढात ताटात चिखल आणि अंथरुणाशेजारी विंचू! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टिना टाकल्या, आपणच काय मागासलेले? नवरा-बायको एक झाली, धाकटा नारायण "मले काय इचारता" म्हणून तेलाच्या मिलमध्ये वायरमनकीला निघून गेला, आणि सासू एकटी पडली. "टिनाले माया नसते बाप्पा," एवढंच ती बोलली. त्यानंतर सहा महिने या विषयावर अवाक्षर नाही. पुष्पाबाईला सासूच्या टोमण्यांची सवय होती. हा न मारलेला टोमणा मात्र तिला रोज टोचायचा.

आणि आज त्याच टिनांखाली, मधल्या खोलीत, नणंद रुख्मिणी बाळंतीण होती.

रुख्मिणीचं पहिलं लेकरू दोन उन्हाळ्यांमागं सासरी, देऊळगाव राजाला, वैशाखातच मलूल झालं आणि दवाखान्यात नेता नेता रस्त्यात गेलं. ही दुसरी खेप. मुलगी झाली होती, अजून महिन्याचीही नव्हती. कालपासून पोरीनं छाती धरली नव्हती. अंग चटके देत होतं, चमच्यानं घातलेलं दूध ओठाच्या कडेनं बाहेर येत होतं. आणि ती रडत नव्हती. रात्रंदिवस घर डोक्यावर घेणारी पोर, पण आता नुसती डोळे मिटून पडलेली. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "औषधानं व्हायचं नाही. घर थंड करा, नाहीतर पोरीला थंड जागी न्या." डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि घरात दोन पक्ष पडले.

दुसरा पक्ष सकाळच्या गाडीनं येऊन ओसरीवर बसला होता. रुख्मिणीचे सासरे महादेवराव आणि विहीणबाई.

"हे पाहा भगवंतराव," महादेवराव टोपीनं वारा घेत म्हणाले, "आम्ही भांडायला आलो नाही. आमचे धाकटे बंधू वामनराव बुलढाण्याला राहतात. घाटावरची हवा, माठातलं पाणी दाताला झोंबतं. जेवणं झाली की दुपारच्या गाडीनं सूनबाईला अन् लेकराला तिकडं नेतो. तुमच्या घराची भट्टी झालीय. मी कामून बोलून दाखवायचं?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. कापसाच्या जिनिंगमध्ये चाळीस माणसांवर ओरडणारा हा माणूस व्याह्यापुढं गोगलगाय झाला होता. "तुमी म्हनता तसंच करू," ते म्हणाले.

"कायले तसं करू?" आतून अन्नपूर्णाबाई आल्या. "भाऊ, बुलढान्याची हवा गोड हाय, मी कुठं नाई म्हनते? पन बुलढान्याच्या आधी बोथ्याचा घाट लागते. भर दुपारी यष्टीचा पत्रा तापते, खिडकीतून झळ येते. निरोगी मानूस कोमेजते तिथी. हे तान्हं पोचन का?"

"अन् इथं ठेवून काय व्हायलंय?" विहीणबाईंचा आवाज चढला, मग एकदम ओला झाला. "एक लेकरू घालवलंय आम्ही. उद्या-परवा करत बसलो अन् हातातून गेलं. या खेपेला हात बांधून बसायचं नाही, असं ठरवूनच निघालोय."

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकणारच. पुष्पाबाईनं चहाच्या कपबशा उचलल्या आणि ती मधल्या खोलीत गेली.

रुख्मिणी बाजेवर बसून पोरीला ओल्या फडक्यानं पुसत होती. कानाला फडकं, डोक्याला रुमाल, बाजेखाली शेगडी. बाळंतिणीचा सगळा साज अंगावर होता. घामानं चोळी अंगाला चिकटलेली. तिनं वहिनीचा हात असा धरला की बांगड्या रुतल्या.

"वहिनी, मले त्या गाडीत नका बसू देऊ वो. मागच्या खेपीले बी असंच झालं होतं. माह्या मांडीवरच थंडं पडलं होतं ते. लोकं म्हनत होते, आता येतेच दवाखाना, आता येतेच." तिनं पोरीला जवळ ओढलं. "मी नाई नेत. मले ओढून नेलं तरी नाई नेत."

"कोनी नाई नेत तुले," पुष्पाबाई म्हणाली खरी. पण कोणाच्या जोरावर म्हणाली, ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत हातगाडी खडखडली आणि नारायणाचा आवाज आला, "वहिनी, सरका, सरका! खिडकीतलं सामान काढा!"

हातगाडीवर एक चौकोनी धूड होतं. मिलमधल्या टाकाऊ डब्यांचे पत्रे कापून, रिपिटा मारून केलेलं. तीन बाजूंना कोंबड्याच्या जाळीत वाळा भरलेला, वर भोकाभोकांची पन्हळ, आणि चौथ्या बाजूला मिलच्या भिंतीतून काढलेला मोठा पंखा. पंखा जळला म्हणून मालकानं अडगळीत टाकला होता. नारायणानं त्याची तारेची गुंडाळी स्वतःच्या हातानं नव्यानं भरली होती. आठ दिवस हा पोरगा जेवायला वेळेवर येत नव्हता ते यासाठी! आणि घरातल्यांना वाटत होतं, कुठं तरी पत्ते कुटून राह्यला.

"हे काय आनलं बे? कबुतराचं खुराडं?" भगवंतराव म्हणाले.

"कूलर हाय दादा. मालकाच्या हापिसात अकोल्याहून आनलेला हाय ना, त्याचा भाऊ." नारायण घामाघूम होऊन हसला. "वरून पानी सोडाचं, वाळा भिजते, पंखा बाहेरची हवा वाळ्यातून वढून आत फेकते. लेकाची झळ आत येता येताच गार होते."

सगळ्यांनी मिळून धूड उचललं आणि मधल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून बसवलं. खाली लाकडी बाक, पत्र्याला वेगळी तार जोडून ती नळाशेजारच्या ओल्या जमिनीत पुरलेली. "कोनी बी ओल्या हातानं डब्याले हात लावाचा नाई," नारायणानं सगळ्यांना दरडावून सांगितलं. "पानी टाकाचं तं आधी बटन बंद." त्याचं काम बघत पुष्पाबाई उभीच राहिली. प्रत्येक रिपीट ओळीत, प्रत्येक तार फडक्यानं गुंडाळलेली. हाच का तो दीर, ज्याला ती ऐदी म्हणायची!

वरून बादली ओतली, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि वाळ्याचा गार वास खोलीत शिरला. रुख्मिणीनं डोळे मिटले. "माय वो!" एवढंच ती म्हणाली. विहीणबाईसुद्धा दारात येऊन हात पुढं करून बघू लागल्या.

आणि मग या घरानं जे जन्मभर केलं तेच केलं. थंडावा जाऊ नये म्हणून खोली बंद केली. पुष्पाबाईनं दार ओढून घेतलं. अन्नपूर्णाबाईंनी परसाकडचं दार लावून वर कडी घातली. खुद्द नारायणानं कूलरच्या कडेच्या फटीत चिंध्या कोंबल्या. विहीणबाईंनी दारावर गोणपाट सोडलं, बाळंतिणीला आडवा वारा नको. बाजेखाली शेगडी होतीच.

थोडा वेळ गेला. मग भिंतीला हात लावावा तर ओला. गोधडी दमट, रुमाल दमट, श्वास घेतला तर छातीत जाईना. घाम वाळेचना. पोरीचं पोट भात्यासारखं खाली-वर होऊ लागलं.

"हा वारा नाही, वाफ आहे!" विहीणबाई ओरडल्या. "लेकराला उकडून काढायलात का तुम्ही?"

नारायणानं पंखा बंद केला, चालू केला, वाळा चाचपला, पाणी बघितलं. सगळं जिथल्या तिथं. "हापिसात तं थंडगार चालते," तो पुटपुटला. "असाच हाय. असाच बसवेल हाय." त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"करायला गेला गणपती अन् झाला मारुती," भगवंतराव भडकले. व्याह्यासमोरची सगळी शरम त्यांनी धाकट्या भावावर काढली. "हे काय मिलमधलं खेळनं समजला का? पोरीचा जीव हाय तो! काढ ते खुराडं. पुष्पे, रुख्मीचं बोचकं बांध. गाडीची वेळ होऊन राह्यली."

ओसरीवर महादेवराव उठले, छत्री शोधू लागले. रुख्मिणी बाजेवर आक्रसून बसली, पोरीला छातीशी घट्ट धरून. पुष्पाबाईनं नाइलाजानं खुंटीवरची पिशवी काढली. नवऱ्याचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

या सगळ्या गडबडीत अन्नपूर्णाबाई मात्र धुरी द्यायला आल्या होत्या. आकाश कोसळलं तरी बाळंतिणीची धुरी चुकायची नाही, अशी ती बाई. धुपाटण्यात निखारे, त्यावर ओवा-वावडिंग. बाजेशी येता येता त्या पंख्यासमोर थबकल्या. पंखा चालू होता. धूर त्याच्यासमोरून पळायला हवा होता. तो पळत नव्हता. गरगर फिरून पुन्हा त्यांच्याच तोंडावर येत होता.

विहीणबाईंनी बाहेर डोकवायला ओसरीचं दार उघडलं, तसा धूर एका झेपेत दाराबाहेर गेला. त्यांनी दार लावलं, धूर थांबला.

"विहीनबाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पुन्ना उघडा बरं ते दार."

"आता काय झालं?"

"उघडा तं."

दार उघडलं. धूर पळाला.

"लावा."

लावलं. धूर उभा.

"उघडा."

"अहो, खेळ लावलाय का माझा?" विहीणबाई चिडल्या, पण उघडलं. धूर पुन्हा सुसाट. त्यांनी दार परत लोटून घेतलं.

अन्नपूर्णाबाई धुपाटणं तसंच धरून वळल्या. "नारायन, तुह्या मालकाच्या हापिसाचं दार दिवसा बंद असते का रे?"

"नाई आई. गिऱ्हाइकं येत-जात राह्यतात, दार सताड..." नारायण बोलता बोलता थांबला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा!"

"वारा पाहुना असते. येयाले वाट देली तशी जायाले बी द्या लागते. आपन त्याले कोंडून घेतलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "परसाचं दार उघडा. सताड."

वैशाखात भर दुपारी दार उघडायला अन्नपूर्णाबाई सांगत होत्या! ज्यांनी याच दारावरून पुष्पाबाईला नवी नवरी असताना शिव्या घातल्या होत्या, त्या.

"आई, बाहेर झळ चालू हाय," भगवंतराव म्हणाले.

"तं चालू दे. हा पंखा वारा बाहेर ढकलून राह्यला, त्याच्या आंगावरून झळ आत कशी येईन?" एवढं बोलून त्या खाली वाकल्या आणि बाजेखालची शेगडी सांडशीनं ओढून बाहेर काढली.

आता मात्र विहीणबाई आडव्या आल्या. "हे काय? बाळंतिणीला शेक नाही? वर हा वारा अंगावर? वात होईल तिला, जन्माची अधू होईल!"

"शेक मी धाब्याखाली देत होती वो. आता तं टिनाच शेकून राह्यल्या," अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "एका बाळंतिनीले दोन शेगड्या कायले? अन् वाऱ्याचं म्हनान, तं तुमचं बरोबर हाय. आंगावर नाई येऊ देत मी." त्यांनी दोरीवरचं आपलं लुगडं ओढलं, ओलं केलं आणि पंखा आणि बाज यांच्यामध्ये दोन खुंट्यांना आडवं बांधलं. वारा लुगड्यावर आपटून वर गेला, बाजेवरून हलकेच पुढं सरकला.

"आई, व्याही-विहीण समोर बसेल हाय, अन् तुले काय सुचून राह्यलं?" भगवंतराव दबक्या आवाजात म्हणाले. "पुष्पे, ते परसाचं दार बंदच राहू दे अन् बोचकं बांध."

सगळे पुष्पाबाईकडं बघू लागले. परसाच्या दाराला सगळ्यात जवळ तीच होती आणि दाराची कडी अजून तशीच होती. एका हातात रुख्मिणीची पिशवी. घर टिनाचं करताना ती नवऱ्याच्या बाजूला होती आणि ते दोघं जिंकले होते. जिंकून काय मिळवलं, ते समोर बाजेवर पडलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, कडी काढली आणि दार भिंतीला लागेपर्यंत ढकललं.

"आत्याबाई म्हनतीन तसं," ती सासूकडं बघत म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तुमी पाह्यजे तं मले रागवा. पन गाडीत पोरगी जानार नाई."

उजेडाचा लोट खोलीत शिरला आणि त्याच क्षणी पंख्याचा आवाज बदलला. मघाशी तो कण्हत होता, आता मोकळा फिरू लागला. लुगडं फुगलं. धूर परसाकडं धावत सुटला. भिंतीवरचा ओलावा डोळ्यादेखत उडायला लागला, आणि वाळ्याचा तो गार वास, पहिल्या घटकेचा, पुन्हा आला. या वेळी तो टिकला.

महादेवराव छत्री घेऊन दारात उभे होते. त्यांनी आत पाऊल टाकलं, हात पुढं करून वारा बघितला, पोरीकडं बघितलं. "गाडीला अजून थोडा वेळ आहे," ते विहीणबाईंना म्हणाले. "तोवर पाहू. तिला बरं नाही वाटलं तर मग मी कोणाचं ऐकणार नाही."

"नका ऐकू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी बी संगं येईन मंग."

वाळा सुकला की सगळं व्यर्थ. नारायणानं बादली उचलली, तर ती त्याच्या हातातून भगवंतरावांनी ओढून घेतली. "तू बटन पाय," एवढंच म्हणाले आणि गल्लीत गेले. रणरणत्या उन्हात, डोक्याला पंचा बांधून, जिनिंगचा हा साहेब येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत वाळ्यावर पाणी ओतू लागला. "बंद!" ते ओरडायचे. नारायण बटण बंद करायचा. बादली रिकामी. "चालू!" पुन्हा नळावर. भावाभावांत दुसरा शब्द नाही, पण इतकं जमून काम केलेलं त्यांना पुष्पाबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पानं वाढली, पण जेवलं कोणी नाही. सगळे खोलीच्या दाराशी घोटाळत राहिले. विहीणबाई सुनेशेजारी बाजेवर बसून पोरीच्या तळपायाला हात लावून बघत होत्या. लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. "मघापेक्षा कमी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. रुख्मिणीनं पोरीच्या कपाळाला गाल लावून पाहिला.

अन्नपूर्णाबाई परसाच्या दाराशी उभ्याच होत्या, धुपाटणं विझलं तरी हातात. पुष्पाबाई त्यांच्याकडं बघत होती. पंचवीस उन्हाळे जी रीत पाळली, दुसऱ्यांवर लादली, तिच्यासाठी शिव्या दिल्या आणि खाल्ल्या, ती रीत या बाईनं विहिणीच्या देखत, एका धुराच्या रेघेवर विश्वास ठेवून मोडली होती. तोंड आंबट न करता. 'मीच चुकले' नाही, 'मी सांगत होते' नाही. धाबं गेलं म्हणून ती रडत बसली नव्हती. जे डोक्यावर आहे त्याच्याखाली लेकरू कसं जगवायचं, तेवढंच ती बघत होती. एवढं मोठं मन आपल्याला सात जन्मांत यायचं नाही, असं पुष्पाबाईला वाटलं. आणि वाटलं ते तिला आवडलं.

लांब स्टँडाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. महादेवरावांनी बायकोकडं पाहिलं. विहीणबाईंनी सुनेकडं. रुख्मिणीनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

आणि पोर रडली.

आधी मांजरीच्या पिलासारखं किरकिरली, मग तोंड वासून, लालबुंद होऊन, पाय झाडत तिनं असा टाहो फोडला की गल्लीत भगवंतरावांच्या हातातली बादली निसटली. भूक लागलेल्या लेकराचं रांगडं, हक्काचं रडणं. रुख्मिणीनं तिला पदराखाली घेतलं. रडणं एकदम थांबलं.

"वहिनी," रुख्मिणी कुजबुजली. मग मोठ्यानं, हसत, रडत, "पिऊन राह्यली वो! चुटूचुटू पिऊन राह्यली!"

विहीणबाईंनी सुनेचं डोकं छातीशी धरलं. महादेवरावांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि उपरण्यानं चष्मा पुसू लागले. किती तरी वेळ पुसत राहिले. भगवंतराव ओल्या धोतरानं धावत आले आणि दारातच नारायणाच्या पाठीवर त्यांनी असा धपाटा घातला की तो कळवळला.

अन्नपूर्णाबाईंच्या हातून धुपाटणं गळून पडलं. उंबऱ्यावर कधी कोणाला टेकू न देणारी ती बाई परसाच्या उंबऱ्यावर मधोमध बसली, सताड उघड्या दारात, आणि पदर तोंडाशी घेऊन लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. तिला असं रडताना या घरानं नवरा गेल्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुष्पाबाईनं धुपाटणं उचलून बाजूला ठेवलं. ती गेली आणि सासूला खेटून, तिथंच उंबऱ्यावर बसली. अन्नपूर्णाबाई थोड्या सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली.